पन्नाशीनंतरचा चेहरा आणि थोडा मेकअप
(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रातलं भाषण)



जेवण भरपूर झालंय, श्रीखंडही झालंय, आणि त्यानंतरची वीस मिनिटं संयोजकांनी मला दिली आहेत. म्हणजे अर्धा वर्ग झोपणार हे त्यांनी धरूनच चाललंय. खुशाल झोपा. फक्त मिशा काळ्या करणाऱ्यांनी मधली पाच मिनिटं जागं राहावं, त्यांच्यासाठी वेगळा विषय आहे.

विषय मी निवडलेला नाही. आपल्या ग्रुपवर मैत्रिणींनी दोन महिने हाच प्रश्न विचारून मला भंडावून सोडलं. तेच क्रीम, तीच पावडर, तेच काजळ, मग आता लावलं की चेहरा असा का दिसतो? एकीने तर लिहिलं, ‘पुतण्याच्या लग्नातले फोटो पाहिले. मेकअप न केलेल्या मी जरा तरुण दिसतेय, केलेल्या मी माझ्या आईसारखी.’ त्यावर तीस जणींनी हसऱ्या बाहुल्या टाकल्या आणि रात्री त्यातल्या निम्म्या जणींनी मला वेगळा फोन केला.

गेली अठ्ठावीस वर्षं मी सांगलीत पार्लर चालवते. नवऱ्या मुली सजवते. पण खरं सांगते, नवरी सजवणं सोपं असतं. तेवीस-चोवीस वर्षांच्या चेहऱ्यावर काहीही लावा, ते शोभतं. कस लागतो तो तिच्या आईला तयार करताना. आणि गंमत अशी की नवरीला तीन तास मिळतात आणि आईला शेवटची दहा मिनिटं, तीही उभ्या उभ्या, एका हातात अक्षतांची पिशवी धरून.

आधी त्वचेचं काय होतं ते सांगते. मी डॉक्टर नाही, पण आमच्या धंद्यात एवढं शिकावंच लागतं. पाळी गेली की अंगातलं इस्ट्रोजेन उतरतं. त्वचेला ताठ ठेवणारं कोलॅजेन पहिल्या पाच वर्षांतच साधारण तीस टक्क्यांपर्यंत कमी होतं. तेलाच्या ग्रंथी मंदावतात. त्वचा पातळ होते, कोरडी पडते, आणि पूर्वी जे सहज सोसत होती त्याने चुरचुरायला लागते. ब्लीच केल्यावर ‘हल्ली आग फार होते गं’ म्हणता ना, ते यामुळे. अशा वेळी ब्लीचची कंपनी बदलून काही होत नाही. ब्लीच सोडलेलं बरं.

आता आपली जुनी पद्धत आठवा. शाळेत असताना नटण्यावर बंदीच होती, नखाला पॉलिश दिसलं तर बाई रॉकेलच्या बोळ्याने पुसायला लावायच्या. (बाई हसतायत, म्हणजे आठवतंय.) कॉलेजात गेल्यावर आपण जे शिकलो ते म्हणजे स्नो, त्यावर टाल्कम पावडर, डोळ्यांत काजळ, कपाळाला टिकली. बस. ही पद्धत चुकीची नव्हती. स्नो म्हणजे व्हॅनिशिंग क्रीम. त्यात मुख्यतः स्टिअरिक अ‍ॅसिड आणि पाणी असतं. लावलं की पाणी उडून जातं आणि एक पातळ, सुका पापुद्रा राहतो. घामट, तेलकट, विशीतल्या चेहऱ्यावर तो छान बसायचा आणि त्यावर पावडर धरायची. आज तोच पापुद्रा कोरड्या त्वचेवर बसतो आणि वरची पावडर सुरकुतीत जाऊन थांबते. सुरकुती एरवी दिसली नसती, ती पावडरीने आखून दिल्यासारखी होते.

म्हणून पहिला बदल हा की पावडर जवळजवळ बंद. लावायचीच तर कपाळाचा मधला भाग, नाक आणि हनुवटी, तीही मोठ्या ब्रशने, झटकून. डोळ्यांखाली अजिबात नाही. त्याऐवजी आंघोळीनंतर चेहरा ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा आणि पाच मिनिटं काही करू नका. चहा घ्या. त्या पाच मिनिटांनी जो फरक पडतो तो दोन हजारांच्या फाउंडेशनने पडत नाही.

मग सनस्क्रीन. ‘आम्ही काय उन्हात जातो, स्कूटीवरून बाजारापर्यंत’ असं सगळ्या म्हणतात. सांगलीचं एप्रिल-मेचं ऊन आणि स्कूटी, अजून काय पाहिजे? गालांवर जे तपकिरी वांग आलेले आहेत ते उन्हाने गडद होतात. किमान तीस एसपीएफचं घ्या आणि पहिली दोन बोटं भरून चेहऱ्याला आणि मानेला लावा. वाटाण्याएवढं लावून उपयोग नाही. ज्यांना वांग आहे त्यांनी रंग असलेलं, म्हणजे टिंटेड सनस्क्रीन पाहावं. त्यात लोहाची ऑक्साइडं असतात, ती नुसत्या दिसणाऱ्या उजेडालाही अडवतात, आणि साधी सनस्क्रीन तेवढं करत नाहीत. शिवाय तोच तुमचा निम्मा मेकअप होतो.

फाउंडेशन घ्यायला जाल तेव्हा मनगटावर लावून पाहू नका. जबड्याच्या कडेवर लावा, दुकानाबाहेर उजेडात या आणि मग पाहा. जी छटा नाहीशी होते ती तुमची. दुकानातली मुलगी नेहमी एक पायरी उजळ छटा पुढे करते, कारण तेच खपतं. उजळ छटा आपल्या गव्हाळ, सावळ्या रंगावर तासाभराने राखेसारखी दिसते. डोळ्यांखालच्या काळेपणालाही हेच लागू. त्यावर पांढरट कन्सीलर थापलं की ते निळसर-करडं दिसतं. आधी नारिंगी छटेचा करेक्टर, अगदी थोडा, आणि मग त्वचेच्या रंगाचा कन्सीलर. नारिंगी रंग निळा मारतो. चित्रकलेच्या सरांनी रंगचक्र काढून हे आपल्याला सातवीतच शिकवलं होतं, आपण तेव्हा मागच्या बाकावर चिंचा खात होतो.

काजळाचं थोडं वाईट सांगायचंय. खालच्या पापणीत भरलेलं काजळ या वयात खाली उतरतं, कारण तिथली त्वचा सैल झालेली असते. संध्याकाळपर्यंत आपण आजारी दिसतो. तेच काजळ वरच्या पापणीच्या मुळाशी, केसांच्या मधेमधे टेकवत लावा. डोळा लगेच उचलल्यासारखा दिसतो. पाळी गेल्यावर डोळे कोरडे पडतात, त्यामुळे आत भरलेलं काजळ खुपतंही. आणि यात्रेत सुट्टा मिळणारा सुरमा कुणी वापरत असेल तर कृपा करून नातवंडांच्या डोळ्यांत घालू नका. कित्येक सुरम्यांमध्ये शिसं सापडलेलं आहे.

ओठांचं आणि भुवयांचं पटकन सांगते. ओठ बारीक होतात, मॅट लिपस्टिक ते आणखी सुकवते, तेव्हा जरा ओलसर, क्रीमची लिपस्टिक घ्या. भुवया आता नव्या येत नाहीत, म्हणून कोरून कोरून धागा करू नका. माझा धंदा बुडाला तरी चालेल.

आणखी एक, जे कुठलंच पार्लर सांगत नाही. आपल्याला जवळचं दिसत नाही! चाळिशीचा चष्मा काढून मेकअप करायचा आणि तो चढवून कार्यक्रमाला जायचं, म्हणजे आपण सोडून सगळ्यांना आपला मेकअप नीट दिसतो. पाचपट मोठं दाखवणारा आरसा घ्या, खिडकीकडे तोंड करून बसा. न्हाणीघरातल्या वरच्या पिवळ्या दिव्याखाली केलेला मेकअप लग्नाच्या मांडवात दुप्पट दिसतो.

आता ज्यासाठी मी हे भाषण कबूल केलं त्या विषयाकडे येते. टिकली.

माझ्याकडे एक बाई यायच्या. आपल्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठ्या. दर वेळी कपाळावरची टिकली आधीपेक्षा मोठी. मला वाटलं आवड असेल. एकदा फेशियलला बसल्या आणि टिकली काढायला तयार होईनात. शेवटी दार लावून घ्यायला सांगितलं आणि काढली. खाली रुपयाएवढा पांढरा डाग. सुरुवातीला तो मसुराएवढा होता, म्हणून तो झाकायला थोडी मोठी टिकली. डाग वाढला, टिकली वाढली. मुलीचं लग्न ठरवायचं चाललेलं होतं. घरात नवऱ्यालासुद्धा दाखवलं नव्हतं. चार वर्षं ती बाई रात्री टिकली लावून झोपत होती.

चार वर्षं ज्या गोष्टीने डाग पडत होता, त्याच गोष्टीने त्या तो झाकत होत्या. चिकटणाऱ्या टिकलीच्या गोंदात पॅरा टर्शरी ब्यूटाइल फिनॉल नावाचं रसायन असू शकतं. काही जणींच्या त्वचेत ते रंग तयार करणाऱ्या पेशीच मारतं. आधी खाज, लाली, आणि मग पांढरा ठिपका. तेच रसायन काही रबरी चपलांच्या आणि घड्याळाच्या पट्ट्यांच्या गोंदातही असतं, म्हणून पायावर चपलेच्या पट्ट्याच्या आकाराचा डागही दिसतो.

मी त्यांना मिरजेला त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवलं, खरं तर सोबत घेऊन गेले, कारण एकट्या गेल्या नसत्या. डॉक्टर म्हणाले, टिकली आजपासून बंद, काही महिने कपाळ मोकळं. मलम दिलं. त्यावर त्या बाई जे म्हणाल्या ते मी विसरणार नाही. ‘डाग राहिला तरी चालेल, पण मोकळ्या कपाळाने सासूबाईंसमोर कशी जाऊ?’

तरी त्या गेल्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जी जी कुंकू लावायला आली तिला म्हणाल्या, भांगात लावा. मुलगी बघायला पाहुणे आले तेव्हा मी डॉक्टरांना विचारून त्यांचा डाग मेकअपने झाकला होता. चहा झाल्यावर त्यांनी स्वतः व्याह्यांना सांगितलं, माझ्या कपाळावर डाग आहे, टिकलीने झालाय, हे बघा. आणि रुमाल ओला करून पुसून दाखवला. माझी पाऊण तासाची मेहनत गेली, पण लग्न ठरलं. डाग वर्षभरात बराच भरून आला, मोहरीएवढा अजून आहे. सगळ्यांचा भरतोच असं नाही. कधी पसरतो, कधी कायमचा राहतो. जितक्या लवकर थांबवाल तितकं बरं. आणि माझं मत विचाराल, तर ते कोड असतं तरी लग्न अडायचं काही कारण नव्हतं. कोड कुणाला लागत नाही.

तेव्हा टिकलीखाली खाज सुटली, तर जागा बदलून वर-खाली लावू नका, थांबवाच. त्वचा बरी असेल तर हळदीपासून केलेलं साधं कुंकू मेणावर लावा, आपल्या आज्या लावायच्या तसं. पण तेही विचारून घ्या, बाजारातल्या लालभडक कुंकवातही रंग असतात आणि काहींना तेही सोसत नाहीत.

कपाळाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक बोलते. इथे आपल्यातल्या काही मैत्रिणी बसल्या आहेत ज्यांचे यजमान गेले. मी कुणाकडे बघत नाही. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे नवरीसोबत अशा कितीतरी आया आल्या. मुलगी मेकअपला बसलेली आणि आई कोपऱ्यातल्या खुर्चीत. मी म्हणते, या, तुमचं करू. तर उत्तर ठरलेलं, ‘मला काय करायचंय आता? जरा पावडर लाव.’ वय अठ्ठेचाळीस.

आपल्या शेजारी, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने 2022 च्या मे महिन्यात ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. ठरावाने सगळं बदलतं असं मला वाटत नाही. पण माझ्या पार्लरच्या भिंतीवर मी ते वर्तमानपत्राचं कात्रण लावलंय आणि त्या आयांना ते वाचायला देते. मग आरशासमोर बसवते. कुणाला टिकली हवी असते, कुणाला नको असते, आणि दोन्ही ठीक. एकीने फक्त लिपस्टिक लावून घेतली आणि मांडवात जाईपर्यंत तीनदा विचारलं, ‘फार नाही ना दिसत?’ मी म्हटलं, दिसायलाच लावलीय.

आता रंग. आपल्या गॅदरिंगला सीता गोरी असायची आणि शूर्पणखा कोण होणार हे कुणी विचारायची गरज नसायची. ती मुलगी आज इथे आहे, मोठ्या हुद्द्यावर आहे, आणि तिने मला हे बोलायची परवानगी दिली आहे. आपल्या लहानपणी घराघरात असलेल्या फेअर अँड लव्हलीचं नाव 2020 मध्ये ग्लो अँड लव्हली झालं. पण बाईच्या मनातलं काही बदलेना. पन्नाशीतही मला विचारतात, जरा उजळेल असं काही आहे का?

आहे, आणि म्हणून भीती वाटते. औषधांच्या दुकानात मिळणारी काही मलमं दोन आठवड्यांत चेहरा उजळवतात. त्यात स्टिरॉइड असतं. सहा महिन्यांनी त्वचा कागदासारखी पातळ, गालांवर लाल शिरा, हनुवटीवर लव, आणि बंद केलं की आग आणि पुटकुळ्या, म्हणून पुन्हा तेच मलम. 2018 पासून अशी स्टिरॉइडची मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे, पण चिठ्ठी मागणारा दुकानदार मला क्वचितच भेटला. दुसरा प्रकार म्हणजे नावगाव नसलेली क्रीमं, डबीवर ना घटक ना पत्ता. त्यांत पारा निघतो. आपल्याकडे क्रीममध्ये पारा घालायला बंदी आहे. 2023 मध्ये केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या काही रुग्णांची मूत्रपिंडं अशा क्रीमांनी बिघडल्याचं तिथल्या डॉक्टरांना आढळलं. तेव्हा कुणी पार्लरवाली, मीसुद्धा, लेबल नसलेल्या डबीतून काही देऊ लागली तर घेऊ नका.

आणि मानेच्या मागे मखमलीसारखा काळा थर आला असेल तर तो मळ नाही. बेसन-लिंबू लावून घासू नका, लिंबू लावून उन्हात गेलात तर त्वचा भाजते ते वेगळंच. असा थर आला की आधी रक्तातली साखर तपासून घ्या. माझ्या दोन गिऱ्हाइकांचा मधुमेह असाच कळला. अचानक वाढणारा तीळ, महिनाभर न भरणारी जखम, यासाठीही पार्लर नाही, डॉक्टर.

मित्रांनो, उठा. तुमचा विषय आला.

कलप. त्यात पीपीडी नावाचा घटक असतो, आणि वीस वर्षं काही झालं नाही म्हणून एकविसाव्या वर्षी होणार नाही असं नसतं. आपल्यातल्याच एकाने, नाव सांगत नाही, मुलाच्या साखरपुड्याच्या आदल्या रात्री मिशांना नवा कलप लावला आणि सकाळी वरचा ओठ आणि डोळे सुजून फोटोत ओळखू येईना. नवा कलप आणलात की कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून अठ्ठेचाळीस तास थांबा. ‘काळी मेंदी’ म्हणून जे पाकीट मिळतं त्यातही बहुधा पीपीडीच असतं, खरी मेंदी काळा रंग देत नाही. आणि पंचावन्नच्या चेहऱ्याभोवती कुळकुळीत काळे केस चेहरा अधिक थकलेला दाखवतात. तपकिरी घ्या. नाहीतर आपल्या गणिताच्या सरांसारखे पांढरे ठेवा, इथे सगळ्यात रुबाबदार तेच दिसतायत.

संयोजकांनी चिठ्ठी पाठवलीय, पाच वाजता ग्रुप फोटो. दहावी ‘अ’ च्या वर्गात खिडकीजवळ मी टेबल मांडलंय. साडेतीनपासून तिथे आहे. आपलं काजळ आणि लिपस्टिक आपली आपण आणा, एकमेकींची वापरायची नाही, डोळे आले तर सगळ्या वर्गाला येतील. चष्मे आणा. फोटो उन्हात काढणार आहेत, त्यामुळे पावडर मी कुणालाही लावणार नाही, कितीही मागितली तरी. पहिला नंबर बाईंचा. बाई, तुम्ही ‘मला कशाला’ म्हणणार हे माहीत आहे, म्हणून मी तुमच्या छटेचं आधीच मिसळून ठेवलंय.